घोड्यासाठी जागा आणि जागेसाठी नियम

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. तेथून पुढे माथेरानच्या हद्दीत तिला प्रवेश नाही. नाक्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसतात ती खोगीर चढवून उभी असलेली तट्टे आणि त्यांचे लगाम धरून गिऱ्हाइकाची वाट पाहणारे घोडेवाले. बाजारपेठ तेथून अडीच ते तीन किलोमीटर आहे. हे अंतर प्रवाशाने पायी, घोड्यावर, ई-रिक्षात, अथवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून सुटणाऱ्या छोट्या आगगाडीने काटावयाचे असते. परवाना असलेले सुमारे ४६० घोडे या गावात आहेत. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेचार हजारांहूनही थोडी कमी भरली होती; म्हणजे दर दहा माणसांमागे एक घोडा असे प्रमाण पडते. हे प्रमाण पाहिले म्हणजे येथील घोडा हा हौसेचा नसून पोटाचा आहे, हे सहज ध्यानी येते.

माथेरानचा घोडा टिकला तो केवळ डोंगरामुळे नव्हे. महाराष्ट्रात डोंगर पुष्कळ आहेत आणि घोडे वाहून आणण्यासारख्या वाटाही पुष्कळ होत्या. परंतु मोटाररस्ता झाला की घोडा गेला, हाच सर्वत्रचा अनुभव होय. माथेरानात घोडा राहिला तो जागेच्या वापराविषयीच्या नियमांमुळे. आणि ज्या नियमांनी त्याला जागा दिली, त्याच नियमांच्या आधारे आज त्याच्या जागेचा पुन्हा विचार होऊ लागला आहे. घोडे पाळून अश्वसवारीचा जोडधंदा करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने हा इतिहास नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मोटारबंदीचा इतिहास

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हे ठिकाण हवा खाण्यासाठी पुढे आणले. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगरमाथा जांभ्या दगडाचा असून वर दाट झाडी आहे. आरंभीच्या काळात वर जाण्याची साधने म्हणजे स्वतःचे पाय, तट्टू आणि पालखी. १९०४ ते १९०७ या काळात आदमजी पीरभॉय घराण्याने नेरळपासून अरुंद रुळांची आगगाडी बांधली, तरी स्थानकापासून बंगल्यापर्यंत जाण्यास घोडा लागतच असे. पुढे मोटाररस्ता दस्तुरीपर्यंत आला आणि तेथे अडविण्यात आला.

या जुन्या वहिवाटीला केंद्र शासनाच्या ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने भक्कम कायदेशीर आधार मिळाला. तिच्यान्वये माथेरान व सभोवतालचा मिळून २१४.७३ चौरस किलोमीटर प्रदेश, आणि त्याभोवती २०० मीटरचा पट्टा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर झाला. नगरपरिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका व आगीचा बंब यांखेरीज वाहनास मनाई झाली. केवळ घनकचरा वाहण्यासाठी ट्रॅक्टरला नियमित स्वरूपात मुभा ठेवली गेली. फळबागा, शेतजमीन अशा हिरव्या वापराखालील जमिनीचा वापर बदलण्यास, स्थानिक रहिवाशांच्या घरांसारख्या मर्यादित गरजा सोडून, बंदी आली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयाची ती ही की, हे बंधन केवळ माथ्यापुरते नाही. पायथ्याची पुष्कळ शेतीही या क्षेत्रात मोडते. राज्यासाठी २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली बहुतेक शहरांना व ग्रामीण भागांना लागू आहे. परंतु गिरिस्थान नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्रे तिच्यातून वगळलेली आहेत. तेव्हा शेजारच्या तालुक्यातील एखाद्याने तबेल्यास परवानगी मिळविली, एवढ्यावरून आपल्यालाही ती मिळेल असे धरून चालणे धोक्याचे ठरते. दोन गावांमध्ये अंतर पाच किलोमीटरचे असले तरी नियमांची पुस्तके दोन असू शकतात.

ई-रिक्षा आणि घोडेवाले

माथेरानात घोड्यांबरोबरच माणसांनी ओढावयाच्या ९४ हातरिक्षा होत्या. माणसाने माणसाला ओढावे ही प्रथा लाजिरवाणी होती, यात दुमत होण्याचे कारण नाही. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच विजेवर चालणाऱ्या रिक्षांची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर त्यास अनुमती दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून तीन महिने हा प्रयोग झाला. पुढे २०२४ मध्ये हातरिक्षा ओढणाऱ्यांपुरत्या २० ई-रिक्षा चालविण्यास मान्यता मिळाली. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा, आणि शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने देण्याचा आदेश दिला.

घोडेवाल्यांच्या संघटनांनी या प्रकरणात हरकती घेतल्या होत्या. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक म्हणजे, मोटारबंदीच्या भरवशावर त्यांनी घोड्यात पैसा घातला होता. नियमात एक फट पडली की धंदा त्या फटीतून वाहून जाणार, ही भीती. दुसरे म्हणजे, रिक्षांसाठी रस्त्यावर बसविण्यात येणाऱ्या ठोकळ्यांवर, विशेषतः पावसात, नाल ठोकलेला खूर घसरतो. हे दुसरे म्हणणे कोणाही नालबंदास पटेल असे आहे. लोखंडी नाल आणि ओली गुळगुळीत फरसबंदी यांचे वैर जुने आहे. मातीत खूर थोडा रुततो व पकड घेतो, फरशीवर तो सरकतो, आणि उतारावर स्वार बसलेला असताना जनावर पडले तर दोघांचीही हाडे मोडतात. उलटपक्षी, पावसाने मातीचा रस्ता दरवर्षी धुपून जातो आणि ती धूप थांबविली पाहिजे, हे नगरपरिषदेचे म्हणणेही खोटे नव्हते. न्यायालयाने ऑगस्ट २०२५ च्या निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळे बसविण्यास मुभा दिली. अंतर्गत रस्ते व डोंगरातील पायवाटा यांवर ते बसवू नयेत, तसेच ते काँक्रीटचे नसावेत, असे ठरविले. म्हणजे मुख्य रस्त्यावर चाकाची आणि आतील वाटांवर खुराची सोय, अशी ही विभागणी झाली. घोडेवाल्यांचे सर्वांत नियमित उत्पन्न नाका ते बाजार या मुख्य रस्त्यावर होते. ते घटल्यास निरनिराळे कडे पाहण्यास नेणाऱ्या आतील फेऱ्यांवर त्यांना अधिक विसंबावे लागेल, आणि तेथील वाटा मातीच्या राहणे हे त्यांच्या दृष्टीने जिवाभावाचे ठरेल.

लिदेचा हिशेब

घोडेवाल्यांच्या विरुद्ध जी तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते ती लिदेची. तिचा राग न मानता हिशेब मांडून पाहावा. सुमारे ४५० किलो वजनाचा घोडा दिवसाला लीद व मूत्र मिळून २० किलोहून थोडे अधिक टाकतो. डोंगरातील हलक्या तट्टाचे वजन ३०० किलो धरले तर हे प्रमाण १४ किलोच्या आसपास येते. अशी ४६० जनावरे म्हणजे दिवसाला सहा टनांहून अधिक. त्यांपैकी जेवढी लीद तबेल्यात पडते तेवढी गोळा करणे सोपे. रस्त्यात पडते ती खुरांखाली व पायांखाली भरडली जाऊन उन्हाळ्यात धुळीबरोबर उडते आणि पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून खाली जाते. गावाला पाणी पुरविणारे शार्लोट तळे याच माथ्यावर आहे, हे विसरून चालणार नाही. घोड्याच्या लिदेत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून घोड्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाने, आणि घोड्यासही, धनुर्वाताची लस वेळच्या वेळी टोचून घेणे आवश्यक आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हीच लीद सोन्यासारखी आहे, आणि शहरातील पुष्कळ तबेले ती पैसे देऊन उचलून नेववितात ही मौजेची गोष्ट होय. लीद शेणापेक्षा कोरडी व हवाशीर असल्याने लवकर तापते. ती ताजी शेतात टाकू नये. घोडा रवंथ करीत नाही; त्यामुळे गवताचे बी त्याच्या पोटातून पुष्कळदा शाबूत बाहेर पडते व शेतात तण माजते. पेंढ्यासह ढीग घालून, ओलावा राखून व दर आठवड्यास उलथून तो ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू दिला, तर तणाचे बी व जंतांची अंडी मरतात आणि तीन-चार महिन्यांत उत्तम खत होते. माशीची अळी वाढण्यास ऊन-पावसाच्या मानाने आठ-दहा दिवस पुरतात; तेव्हा तबेल्यातील लीद आठवड्याच्या आत ढिगात गेलीच पाहिजे. ढीग विहिरीपासून व ओढ्यापासून किमान ३० मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगास आणि छपराखाली असावा. शेजाऱ्याची हरकत येते ती बहुधा घोड्याला नसते, या ढिगाला असते.

मुंबईत काय घडले

जागेचा, संख्येचा व स्वच्छतेचा नियम वेळेवर अमलात न आणल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबईने घालून दिले आहे. तेथील व्हिक्टोरिया घोडागाडी दीडशे वर्षांच्या घरात चालत आलेली. तिच्या घोड्यांचे तबेले दाट वस्तीत, कित्येक ठिकाणी अपुऱ्या जागेत व अपुऱ्या पाण्यावर चालले. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ प्रमाणे अशा तबेल्यांस परवाना आवश्यक होता, तरी विनापरवाना तबेले चालू राहिले. प्राणिमित्रांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी केवळ मौजेखातर चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या, त्या वर्षभरात बंद कराव्यात असे सांगितले आणि परवान्यावाचून तबेला चालविता येणार नाही, हेही स्पष्ट केले. गाडीवानांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर निघाला. सव्वाशे वर्षे पुस्तकात असलेला नियम त्यांना कोणी आधी समजावून दिला असता व पाळावयास लावला असता, तर निदान काही तबेले तरी सुधारून तगले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

शेतकऱ्याने प्रथम काय पाहावे

पुणे, नाशिक, मुंबई यांसारख्या शहरांच्या आसपास कृषी पर्यटनाबरोबर अश्वसवारीची सोय करण्याकडे तरुण शेतकऱ्यांचा कल दिसतो. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामुळे या कल्पनेस चालनाही मिळाली. येथे एक भेद मनात पक्का असावा. आपल्या शेतात आपला घोडा बांधणे ही एक गोष्ट. पैसे घेऊन लोकांना त्यावर बसविणे, त्यासाठी रिंगण, वाहनतळ, उपाहारगृह उभारणे ही दुसरी. पहिलीस फारसे कोणी हरकत घेत नाही. दुसरीमुळे जमिनीचा वापर बदलतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील बिनशेती वापराच्या तरतुदी व विकास नियंत्रण नियम यांचा संबंध येतो. या तरतुदींत वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. म्हणून दहा वर्षांपूर्वी भावकीतील कोणी काय केले यावर न विसंबता तहसील कचेरीत आजचा नियम विचारावा.

त्याआधी नगररचना कार्यालयातून आपला गट क्रमांक कोणत्या विभागात मोडतो याचा दाखला घ्यावा. शेतीविभाग, हरितविभाग, निवासी विभाग, संवेदनक्षम क्षेत्र यांपैकी जे नाव त्या दाखल्यावर असेल त्यावर पुढील सर्व काही अवलंबून आहे. सात-बारा उतारा मालकी व पीक सांगतो. विभाग सांगत नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मिळाला म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. वन खात्याच्या हद्दीतील वाटेने घोडे न्यावयाचे असल्यास त्या खात्याची परवानगी निराळी लागते, आणि ही गोष्ट पहिला दंड होईपर्यंत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

जागा ठरल्यावर तबेला. तट्टासाठी सुमारे तीन मीटर लांब-रुंद व मोठ्या घोड्यासाठी साडेतीन मीटरहून थोडी अधिक जागा प्रत्येकी असावी. जमीन खडबडीत, मोरीकडे किंचित उतरती, छप्पर उंच, हवा वरून खेळती, पण झोत अंगावर न येणारा. रोज २५ ते ४५ लिटर पाणी प्रत्येक जनावरास लागते. त्याखेरीज धुण्याचे पाणी आणि उन्हाळ्यातील टंचाई हिशेबात धरावी. अगाडी-पिछाडी बांधून जनावर दिवसरात्र एकाच जागी जखडून ठेवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. मोकळे सोडण्यास कुंपण घातलेली एखादी पडीक चौकट असेल तर खुरांचे व पोटाचे निम्मे आजार टळतात.

कामाविषयी भारवाहू व ओढीच्या जनावरांसंबंधीचे १९६५ चे केंद्रीय नियम आजही लागू आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही. सलग पाच तासांपेक्षा अधिक नाही. आणि जेथे पारा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी १२ ते ३ काम मुळीच नाही. टांग्यात हाकणाऱ्याखेरीज चार माणसे, सहा वर्षांखालील मुले वेगळी. पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा तट्टास ७० किलो, खेचरास २०० किलो, गाढवास ५० किलो. लगामास काटे वा टोके नसावीत. खोगिराची कमान मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर टेकता कामा नये. मध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. ही जागा दिसते की नाही हे स्वार बसल्यानंतर पाहावयाचे असते, आधी नव्हे.

ओझ्याची मर्यादा मालासाठी लिहिलेली आहे. स्वाराच्या बाबतीत, स्वार व खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण आडाखा जाणकार सांगतात. ३०० किलोच्या तट्टास यामुळे ६० किलोच येतात. पाहुण्याचे वजन विचारण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि गिऱ्हाईक रागावून जाईल ही भीती असते. तरीपण दारात वजनकाटा ठेवून दोन-तीन चणीची जनावरे बाळगणारा चालक शेवटी नफ्यात राहतो. पाठीला जखम झालेले तट्टू पंधरा दिवस बसून चंदी खाते, आणि त्याचा मालक तेवढे दिवस रिकाम्या हातांनी त्याच्याकडे पाहत बसतो.

घोडा सर्वांत शेवटी

पुष्कळ जण प्रथम घोडा विकत घेतात आणि मग जागेचे पाहू लागतात. हा क्रम उलटा करावा. परवानगी, पाणी, तबेला, लिदेचा खड्डा, जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, सहा-आठ आठवड्यांनी येणारा नालबंद, ही सर्व व्यवस्था लागल्यावरच बाजारास निघावे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावास खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे मोठे बाजार भरतात. दूरदूरच्या प्रांतांतील जनावरे तेथे एकत्र येतात, आणि त्यांच्याबरोबर रोगही येऊ शकतात.

त्यांतील सर्वांत भयंकर ग्लँडर्स होय. नाकातून चिकट स्राव, नाकपुडीत व्रण, कातडीखाली गाठींची माळ ही त्याची लक्षणे. परंतु कित्येक जनावरांत ती दिसतच नाहीत. हा रोग माणसासही होतो. जनावरांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय अधिनियमाप्रमाणे तो कळविणे बंधनकारक आहे. रोग सिद्ध झालेल्या जनावरावर उपचार न करता त्याचा वेदनारहित अंत केला जातो व मालकास शासनाकडून भरपाई दिली जाते. लपविणाऱ्याच्या पदरी जनावरही राहत नाही आणि भरपाईही पडत नाही; शिवाय घरची माणसे धोक्यात येतात. खरेदीपूर्वी रक्ततपासणीचा अलीकडचा दाखला मागावा. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही या कामातील देशातील प्रमुख संस्था आहे. दाखला चांगला असला तरी नवे जनावर घरी आणल्यावर तीन ते चार आठवडे इतरांपासून वेगळे बांधावे, आणि त्या काळात त्याची बादली, तोबरा व खरारा दुसऱ्या कोणत्याही जनावरास वापरू नये.